परिचर्या आणि अवयवदान : विचारावयाचा राहून गेलेला एक प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलावयास सांगून मंडळाने आमचा जो गौरव केला, त्याबद्दल आम्ही आरंभीच आभार मानतो. आम्ही जुन्या अकरावीपर्यंत शिकलेले, आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते त्या काळात शाळेवर रुजू झालेले आणि आता निवृत्त झालेले एक प्राथमिक शिक्षक आहोत. वैद्यकशास्त्रात आमचा अधिकार काहीच नाही. चिटणिसांनी आम्हांस 'शिक्षण आणि संस्कार' हा विषय सुचविला होता. त्यावर आम्ही घटकाभर सहज बोललो असतो, आणि आपणही ते ऐकून घरी गेल्यावर विसरला असता. परंतु तो विषय बाजूस ठेवून आम्ही रुग्णपरिचर्या आणि अवयवदान या विषयावर बोलण्याची परवानगी मागितली. याचे कारण असे की, या विषयात आमच्या स्वतःच्या हातून एक चूक घडलेली आहे. माणसाने आपल्या शहाणपणापेक्षा आपल्या चुकीविषयी बोलावे, त्यात ऐकणाऱ्याचा लाभ अधिक असतो, असा आमचा शिक्षकी पेशातील अनुभव आहे.

गोष्ट २०१२ सालच्या श्रावणातील आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा त्या वेळी चोवीस वर्षांचा होता. खोपोलीच्या एका कारखान्यात तो कामास असे. रात्रपाळी संपवून पहाटे पावसात मोटारसायकलवरून कर्जतकडे येत असता पळसदरीच्या अलीकडे त्यास अपघात झाला. हेल्मेट घरी खुंटीला टांगलेले होते. प्रथम कर्जतला, तेथून मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात, अशी त्याची नेआण झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हांस आत बोलावून सांगितले, की मुलाचा मेंदू कायमचा थांबला आहे. चाचण्या दोनदा झाल्या आहेत. तो आता या जगात नाही. त्यानंतर एका वेगळ्या खोलीत एका बाईंनी आमची गाठ घेतली. त्या रुग्णालयाच्या समन्वयक होत्या. अत्यंत मृदू शब्दांत त्यांनी विचारले, की आपली इच्छा असेल तर या मुलाचे अवयव इतरांच्या कामी येऊ शकतील. आपण विचार करून सांगावे.

आमच्या बंधूंनी आमच्याकडे पाहिले. घरात वडीलकी आमच्याकडे होती. आम्ही ज्या मुलाला बोट धरून शाळेत नेले होते, तो काचेपलीकडे निजलेला दिसत होता. छाती वरखाली होत होती. हात उबदार होता. आणि एक गोष्ट आम्ही आदल्या रात्रीपासून पाहत होतो. रात्रीच्या पाळीच्या सिस्टर दर दोन तासांनी येत, त्याला कुशीवर वळवीत, ओठ ओल्या बोळ्याने पुशीत, डोळ्यांत औषध घालीत, आणि प्रत्येक वेळी त्याला सांगत, "दादा, आता कूस बदलते हं. दादा, जरा गार लागेल."

आम्ही त्या समन्वयक बाईंना विचारले, "आमचा मुलगा गेला असेल, तर त्या सिस्टर त्याच्याशी बोलतात कशाला?"

त्या उत्तर देऊ लागल्या. परंतु ते ऐकून घेण्यापूर्वीच आम्ही उठलो आणि नकार दिला. कोणीही आम्हांस आग्रह केला नाही, कोणी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलाचे हृदयही थांबले.

दहाव्या दिवशी उल्हास नदीच्या काठी पिंड ठेवला. पाऊस भुरभुरत होता. कावळा जवळ येई, पाही आणि दूर जाई. आपणां सर्वांस हा प्रसंग ठाऊक आहे. आम्ही सर्वजण हात जोडून अंदाज करू लागलो. कोणी म्हणाले, तुझ्या आईला आम्ही अंतर देणार नाही. कोणी म्हणाले, बहिणीचे लग्न थाटात करू. कोणी त्याने बुक केलेल्या नव्या मोटारसायकलचे नाव काढले. अखेर तासाभराने कावळा शिवला. घरी परतताना आमच्या मनात एकच विचार घोळत होता. चोवीस वर्षे जो आमच्या घरात वावरला, त्याची इच्छा काय होती हे आम्ही आज कावळ्याला विचारीत आहोत. तो जिवंत असताना त्यालाच का विचारले नाही?

गणेशोत्सवात मंडळाचे रक्तदान शिबिर असे, त्यात तो दरवर्षी रक्त देत असे, हे आम्हांस मागाहून त्याच्या मित्रांकडून कळले. यावरून त्याने अवयवदानास होकारच दिला असता, असे आम्ही म्हणत नाही. कदाचित दिला असता, कदाचित नसता. आम्हांस ते ठाऊक नाही, आणि आता कधीही ठाऊक होणार नाही. आमचे शल्य आहे ते हे.

बंधुभगिनींनो, त्या सिस्टर कोण होत्या, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी समजले. खालापूर तालुक्यातील आपल्याच ज्ञातीतील एका घरची ती लेक. आज त्या या सभेत बसल्या आहेत. परंतु आपले नाव घेऊ नये असे त्यांनी बजावल्यामुळे आम्ही ते घेत नाही. आमच्या घरी आल्या असता आम्ही तोच जुना प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी जे सांगितले, ते आम्ही शक्य तितक्या त्यांच्याच क्रमाने आपणांपुढे मांडतो.

त्या म्हणाल्या, "गुरुजी, मेंदू थांबला हे पुष्कळदा आम्हा परिचारिकांच्या प्रथम लक्षात येते. नळीतून कफ ओढताना रुग्णास खोकला येतो. तो येईनासा होतो. बॅटरीचा झोत डोळ्यांवर टाकला तर बाहुली बारीक होते. ती तशीच मोठी राहते. लघवी एकाएकी फार होऊ लागते, अंग गार पडू लागते, रक्तदाब खाली येतो. आम्ही हे कागदावर लिहितो आणि डॉक्टरांना कळवितो. निदान करणे हे आमचे काम नव्हे. निदान होईपर्यंत तो आमचा रुग्ण, आणि निदान झाल्यावरही त्याचा देह आमच्याच स्वाधीन. मी त्याच्याशी बोलत होते, ते त्याला ऐकू येत होते म्हणून नव्हे. ज्या देहाला मी हात लावते, त्याला सांगितल्यावाचून हात लावू नये, असे आम्हांस शिकविलेले असते. माणूस गेल्यानंतर त्याला स्नान घालतानाही आपल्या घरची वडील माणसे हळू घाला म्हणतात, तसेच ते. माझी चूक एवढीच, की तुम्ही काचेतून पाहत होता हे मला दिसत होते. मी बाहेर येऊन तुम्हांला हे सांगावयास हवे होते. आता मी प्रत्येक घरच्या माणसांना सांगते."

आम्ही आयुष्यभर मुलांना शिकविले की, प्रश्न विचारावा आणि उत्तर पूर्ण ऐकावे. स्वतःवर वेळ आली तेव्हा आम्ही प्रश्न विचारला, परंतु उत्तर ऐकले नाही. त्या उत्तराच्या शोधात पुढे आम्ही जे वाचले व जाणत्यांकडून समजून घेतले, ते आता थोडक्यात सांगतो.

मृत्यू म्हणजे हृदय थांबणे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानीत आलो, आणि घरी येणारा मृत्यू आजही तसाच येतो. परंतु श्वासोच्छ्वासाचे यंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, आले तेव्हापासून एक नवी अवस्था निर्माण झाली. मेंदूच्या तळाशी देठासारखा एक भाग असतो. श्वास घेण्याची आज्ञा तेथून सुटते. डोक्यास जबर मार लागला किंवा मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, तर हा देठ कायमचा निकामी होऊ शकतो. हृदयाला मात्र स्वतःचा ठेका असतो. यंत्राने छातीत हवा भरली आणि रक्तास प्राणवायू मिळत राहिला, तर ते काही तास वा काही दिवस चालू राहते. छाती हलते ती यंत्राने, आणि अंगाची ऊब टिकते ती वाहत्या रक्ताने व पांघरुणाने. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे हा मृत्यूच होय. यातून परत येणे नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळजण म्हणतात, अमुक मनुष्य वर्षभर बेशुद्ध होता आणि उठून बसला. मग घाई का करावी? बेशुद्धी आणि मेंदूचा मृत्यू या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांचे नाव आपणांस स्मरत असेल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूस गंभीर इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या जवळजवळ बेचाळीस वर्षांत त्यांची जाणीव हरपलेली होती, परंतु मेंदूचा देठ जिवंत होता; त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता. म्हणून त्या मृत नव्हत्या, आणि त्यांच्या बाबतीत अवयवदानाचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. त्यांना मृत्यू येऊ द्यावा अशी विनंती सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, तेव्हा ७ मार्च २०११ च्या निकालाने ती अमान्य झाली. त्या निकालात न्यायालयाने के. ई. एम. मधील परिचारिकांच्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. इतकी वर्षे अंथरुणास खिळलेल्या त्या देहावर एकही शय्याव्रण नव्हता. परिचारिकांच्या किती पिढ्या बदलल्या असतील! आपल्या एका सहकारिणीस त्यांनी कूस वळविली, भरविले आणि स्वच्छ ठेवले. जी परिचर्या जिवंताला अशा रीतीने जपते, तीच गेलेल्याच्या देहासही सन्मानाने हाताळते. तिच्या हेतूविषयी शंका घेण्याचे पाप आमच्याकडून झाले, ते आपणांकडून होऊ नये.

अर्थात केवळ विश्वासावर विसंबावे, असेही आम्ही म्हणत नाही. लोभ सर्वत्र असतो. गरिबांची मूत्रपिंडे विकत घेण्याचा धंदा आपल्या देशात एके काळी बोकाळला होता, आणि म्हणूनच १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. २०११ साली तो दुरुस्त होऊन अधिक कडक झाला. अवयवांची खरेदी-विक्री करणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मेंदूचा मृत्यू ठरविण्यास चार डॉक्टरांचे मंडळ लागते. चाचण्या दोनदा, मध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवून कराव्या लागतात. यंत्र काही वेळ दूर करून श्वास आपोआप सुरू होतो काय, हेही पाहिले जाते. आणि सर्वांत महत्त्वाचा दंडक असा, की ज्या डॉक्टरांनी अवयव दुसऱ्यास बसवावयाचे, त्यांनी या निदानात भाग घेता कामा नये.

आमच्या मते या दंडकातच अवयवदानाची सारी नीती आहे. शुश्रूषा करणारा हात निराळा, मृत्यू ठरविणारा निराळा, दान मागणारा निराळा आणि अवयव बसविणारा निराळा. परिचारिकेने रुग्णाच्या उशाशी उभे राहून नातलगांचे मन वळवू नये. तिने शेवटपर्यंत केवळ त्या एकाच रुग्णाचे असावे. घरच्या माणसांनी विचारले तर सत्य सांगावे, न विचारले तर शेजारी उभे राहावे. दानाविषयी बोलण्यासाठी समन्वयक नेमलेले असतात. त्यांच्यातही पूर्वी परिचर्या केलेल्या भगिनी असतात. परंतु त्या कामावर असताना त्या रुग्णाची सेवा त्यांच्याकडे नसते. नातलगांनी नकार दिला, तर सेवेत रतिभरही फरक पडता कामा नये. आमच्या बाबतीत तो पडला नाही. आम्ही नकार दिल्यानंतरच्या रात्रीही त्या सिस्टरनी दर दोन तासांनी आमच्या मुलास कुशीवर वळविले आणि त्याला तसे सांगितले.

आता आपल्या घराघरांत निघणाऱ्या शंका घेऊ.

पहिली शंका धर्माची. देह अपुरा जाळला तर गती मिळत नाही, डोळे दिले तर पुढील जन्मी आंधळा होतो, असे म्हणतात. दधीची ऋषींची कथा आम्ही तीस-पस्तीस वर्षे मुलांना सांगितली. देवांनी अस्थी मागितल्या आणि ऋषींनी त्या दिल्या. त्या दधीचींना गती मिळाली नाही, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? आणि त्या कथेतील एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. देवांनी दधीचींना ते जिवंत असताना विचारले होते, आणि उत्तर त्यांचे स्वतःचे होते. राहिला देहाचा प्रश्न. अवयव काढून घेतल्यावर शस्त्रक्रियेनंतर शिवतात तसाच देह नीट शिवून, स्वच्छ करून घरच्यांच्या हाती देतात. पुढील सर्व विधी यथासांग करता येतात.

दुसरी शंका खर्चाची. कुटुंबाने होकार दिल्यानंतर अवयव राखण्यासाठी जो खर्च येतो, तो कुटुंबाकडून घ्यावयाचा नाही, असा नियम आहे. मात्र दानाबद्दल पैसाही मिळत नाही. मोबदला घेतला की ते दान राहत नाही.

तिसरा प्रश्न आमच्या मंडळातच निघाला होता, आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. आपल्या ज्ञातीच्या मनुष्याने अवयव दिले, तर ते आपल्या ज्ञातीच्या रुग्णास मिळतील काय? याचे उत्तर स्वच्छ 'नाही' असे आहे. आपला रायगड जिल्हा मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो. अवयवांची वाट पाहणाऱ्या रुग्णांची यादी तेथे असते. रक्तगट, आजाराची तीव्रता आणि यादीतील क्रम पाहून अवयव दिला जातो. जात, गाव, आडनाव पाहून नव्हे. देणाऱ्यास घेणाऱ्याचे नाव सांगत नाहीत, आणि घेणाऱ्यासही देणाऱ्याचे नाही. हुतात्मा भाई कोतवालांनी आपल्या भागातील शेतकऱ्यांसाठी धान्यपेढी काढली होती, हे जुन्या मंडळींकडून आपण ऐकले आहे. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी त्यांनी आणि हिराजी पाटलांनी देह ठेवला, तो एका ज्ञातीसाठी ठेवला नाही. ज्ञातिसंस्थेचे काम आपल्या माणसांना शहाणे करण्याचे आहे. त्या शहाणपणाचा लाभ ज्ञातीबाहेरच्यास झाला, तर संस्थेचे काही उणे होत नाही.

चौथी गोष्ट शंका नव्हे, परंतु भगिनींच्या वतीने सांगितली पाहिजे. मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग जिवंतपणीही देता येतो. आई, बाप, पती, पत्नी, मुले, भावंडे, आजी-आजोबा, नातवंडे या जवळच्या नात्यांत कायदा त्यास मुभा देतो. राष्ट्रीय संस्थेने दिलेल्या आकड्यांप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी स्त्रियांना लाभलेली ६,९४५ आणि पुरुषांना २९,६९५. उलट जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र स्त्रियांचीच संख्या फार मोठी आहे. याचा अर्थ काय, हे प्रत्येक कुटुंबाने आपल्या मनास विचारावे. आईने किंवा पत्नीने दिलेले मूत्रपिंड हे प्रेमाचे दान असतेच. परंतु 'नाही' म्हणण्याची सोय जेथे नसते, तेथील 'हो'ला दान म्हणता येईल काय? दात्यास एकटे बोलावून विचारण्याची पद्धत आहे ती याचसाठी. त्या बाईने खरे दुखणे जर कोणापाशी सांगितले, तर बहुधा ते परिचारिकेपाशीच सांगितले जाते. अशा वेळी ते बोल डॉक्टरांच्या कानी घालणे, हेही परिचर्येचे कर्तव्य आहे.

आता आपल्या दोन तालुक्यांपुरते व्यवहाराचे. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांचे मरणोत्तर दान घरी मृत्यू आल्यास सामान्यतः होऊ शकत नाही. त्यासाठी अतिदक्षता विभाग असलेले आणि त्या कामाची परवानगी असलेले रुग्णालय लागते. परंतु डोळ्यांचे दान कशेळ्याच्या किंवा चौकच्या घरातूनही होऊ शकते. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळ्यांवरील पारदर्शक पटल घ्यावे लागते. म्हणून तात्काळ नेत्रपेढीस कळवावे. डोळे मिटवावेत, त्यांवर ओला स्वच्छ कापूस ठेवावा, उशी देऊन डोके थोडे उंच करावे आणि पंखा बंद करावा. वयाची अट अशी नाही. चष्मा असलेला किंवा मोतीबिंदू काढलेला मनुष्यही डोळे देऊ शकतो. काही संसर्गजन्य आजारांत मात्र ते घेत नाहीत; तो निर्णय डॉक्टरांचा. त्वचेचेही दान होते आणि ती भाजलेल्या रुग्णांच्या कामी येते. ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स केंद्रात तिची पेढी आहे.

दुसरी व्यवहाराची गोष्ट रस्त्याची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या खालापूर तालुक्यातून जातो. बोरघाटातील अपघात आपण नेहमी ऐकतो. याच मार्गावर कधी कधी पोलीस वाट मोकळी करून देतात आणि पुण्याकडून मुंबईकडे, वा मुंबईकडून पुण्याकडे, अवयव घेऊन गाडी धावत जाते. हृदयास सुमारे चारच तासांची मुदत असते, यकृतास आठ-बारा तासांची, मूत्रपिंडास एक दिवसाची. ती गाडी आपल्या दारावरून जाते तेव्हा तिच्यात कोणाच्या तरी घरचा होकार असतो. परंतु आमचे पहिले सांगणे तरुणांना असे आहे, की हेल्मेट खुंटीला टांगू नका. दाता होण्याची वेळ कोणावर न येणे हेच सर्वांत उत्तम.

अवयवदानात आपला देश फार मागे आहे. दहा लाख लोकसंख्येमागे मरणोत्तर अवयवदाते एकाहूनही कमी; स्पेनमध्ये हे प्रमाण चाळीसच्या वर आहे. तेथील कायदा, विरोध नोंदविला नसेल तर संमती आहे असे धरतो. तरीही तेथे घरच्यांना विचारल्यावाचून पुढे जात नाहीत. आपल्याकडेही मनुष्याने अर्ज भरलेला असला, तरी वेळेवर घरच्यांचाच शब्द अखेरचा ठरतो. २०२३ पासून आधार क्रमांकाच्या साहाय्याने घरबसल्या संकल्प नोंदविता येतो, ही सोय चांगली आहे. परंतु घरच्यांना ठाऊक नसलेला संकल्प पेटीत कुलूपबंद राहिलेल्या पत्रासारखा आहे. ज्याने वाचावयाचे त्याच्या हाती तो पडतच नाही.

म्हणून आमची विनंती एवढीच आहे. वर्षातून एक दिवस ठरवावा. आम्ही सर्वपित्री अमावास्या सुचवितो, कारण त्या दिवशी गेलेल्यांचे नाव घेतोच. जेवण झाल्यावर घरातील प्रत्येकाने आपली इच्छा सांगावी आणि ती एका वहीत लिहून ठेवावी. होकार असेल तर होकार, नकार असेल तर नकार. नकार देणाऱ्यास कोणी हिणवू नये. आमच्या घरी आम्ही हे सुरू केले आहे. आम्ही सर्व अवयवांस होकार लिहिला आहे. आमच्या कुटुंबाने मात्र डोळ्यांपुरताच होकार दिला, बाकीच्यास त्यांचे मन घेत नाही. तोही जसाच्या तसा लिहिला आहे. धाकट्या सुनेने, अजून ठरले नाही, पुढच्या वर्षी सांगते, असे लिहिले आहे. तेही आम्हांस पुरेसे वाटते, कारण आता तिला विचारावयाचे राहून गेलेले नाही.

आणखी एक शब्द, आणि आम्ही आपली रजा घेतो. परिचारिकेचा व्यवसाय पत्करणाऱ्या मुलींकडे आपल्या ज्ञातीत एके काळी नाक मुरडून पाहत. रात्रपाळी करते, परक्या पुरुषांना हात लावते, म्हणून स्थळे परत जात. आम्हीही ते बोल ऐकून गप्प बसलेल्यांपैकी आहोत. शेवटच्या रात्री आमच्या मुलास, सख्ख्या बहिणीने हाक मारावी तशी 'दादा' म्हणून हाक मारणारी एक लेक अशाच घरची होती. त्या रात्री आम्ही तिच्या बोलण्याचा विपरीत अर्थ लावला. आज सर्वांसमक्ष आम्ही तिची क्षमा मागतो, आणि आमच्या घरी विचारावयाचा राहिलेला प्रश्न आपल्या घरी राहू नये, एवढी इच्छा व्यक्त करून आमचे भाषण पुरे करतो.